रिकाम्या जागा भरताना कारण आणि परिणाम कसे हेरायचे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तलाठी, पोलीस भरती, टीईटी, एमपीएससी अशा परीक्षांच्या मराठीच्या प्रश्नांत ‘रिकाम्या जागी योग्य शब्द निवडा’ हा प्रकार ठरलेला असतो. सोपा वाटतो आणि म्हणूनच हकनाक गुण घालवतो. वर्गात मुलं-मुली जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. उदाहरणांतली वाक्यं सरावासाठी तयार केलेली आहेत, कुठल्या पेपरमधून उचललेली नाहीत.

कार्यकारणाचा दुवा म्हणजे नेमकं काय?

वाक्याच्या एका भागात घडलेल्या गोष्टीमुळे दुसऱ्या भागातली गोष्ट घडली, हे सांगणारा शब्द, प्रत्यय किंवा नुसती मांडणी. हे वाक्य बघा :

कोकणातल्या जांभ्या दगडाच्या जमिनीत पाणी ______, त्यामुळे चार महिने धो धो पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये विहिरी आटतात.
१) टिकून राहते  २) टिकून राहत नाही  ३) गढूळ होते  ४) मचूळ लागते

‘त्यामुळे’च्या पुढे परिणाम उघड लिहिलेला आहे : विहिरी आटतात. मग मागे काय असणार? पाणी टिकत नाही. जांभा सच्छिद्र असतो हा भूगोल आठवला तर उत्तमच, पण नाही आठवला तरी उत्तर ‘टिकून राहत नाही’ हेच येतं. रिकाम्या जागेचं उत्तर बहुतेक वेळा वाक्याच्या भरलेल्या अर्ध्या भागात लिहिलेलं असतं. दुवा फक्त त्या भागाकडे कुठल्या बाजूने बघायचं ते सांगतो. खाली जे काही आहे ते सगळं याच एका गोष्टीचा विस्तार आहे.

कारण कुठलं आणि परिणाम कुठला, यात गोंधळ होतो. ओळखायचं कसं?

वाक्याच्या प्रत्येक भागाला दोन प्रश्न विचारा : ‘का?’ आणि ‘मग काय झालं?’ ज्या भागाला ‘का?’ विचारल्यावर दुसरा भाग उत्तर म्हणून येतो, तो परिणाम. उरला तो कारण.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईची लोकल सेवा ठप्प झाली, ______ सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला होता.
१) म्हणून  २) कारण  ३) तरी  ४) अन्यथा

लोकल ठप्प झाली. का? पाऊस कोसळला. म्हणजे कारण नंतर आलंय, उत्तर ‘कारण’. हेच दोन भाग उलटे लावले की ‘म्हणून’ हवं. पर्यायांत ‘कारण’ आणि ‘म्हणून’ दोन्ही दिसले, की पेपर काढणाऱ्याला तुमचा शब्दसंग्रह तपासायचा नाही, दिशा तपासायची आहे. घाईत असलेला उमेदवार दोन्ही भागांचा संबंध आहे एवढं बघतो आणि पहिला दिसलेला पर्याय रंगवून मोकळा होतो.

दुवा दाखवणारे शब्द कोणकोणते? यादी पाठ करू का?

यादी पाठ करून फारसा फायदा नाही, पण गट डोक्यात असावेत. ‘कारण, कारण की’ यांच्यानंतर कारण येतं. ‘म्हणून, त्यामुळे, सबब, यास्तव, तेव्हा, परिणामी’ यांच्यानंतर परिणाम येतो. ‘इतका... की’ मध्ये आधी प्रमाण आणि मग त्याचा परिणाम. ‘जसजसे... तसतसे’ मध्ये दोन गोष्टी बरोबरीने बदलतात, मात्र एकाच दिशेने बदलतील असं नाही : जसजसे डोंगर चढावे, तसतसे तापमान उतरते.

‘सबब’ हा शब्द थोडा फसवा आहे. अर्जात आपण लिहितो : ‘प्रकृती ठीक नाही, सबब दोन दिवसांची रजा मिळावी.’ इथे तो ‘म्हणून’चं काम करतो. ‘त्याने कामाला दांडी मारण्यासाठी नवी सबब शोधली’ इथे मात्र तो सरळ नाम आहे, निमित्त या अर्थाचं. शब्द दिसला की लगेच उभयान्वयी अव्यय असा शिक्का मारू नका.

मराठीत खरी अडचण वेगळीच आहे. पुष्कळ वेळा कारण असं सुट्या शब्दात येतच नाही. ते प्रत्ययात आणि क्रियापदाच्या रूपात मुरलेलं असतं : पडल्यामुळे, पडल्याने, पडून, पडताच, पावसाने. यादी पाठ केलेला विद्यार्थी सुटा शब्द शोधत बसतो आणि प्रत्यय डोळ्यांसमोरून निघून जातो.

‘म्हणून’ दिसलं की परिणाम, हे नेहमी खरं का?

नाही. ‘म्हणून’ हा मराठीतला सर्वांत कष्टाळू शब्द असावा, त्याला निदान चार-पाच कामं आहेत.

पाऊस आला म्हणून सामना थांबला. (परिणाम)
चांगले गुण मिळावेत म्हणून ती पहाटे उठते. (उद्देश)
ती ग्रामसेवक म्हणून रुजू झाली. (नात्याने, पदाने)
गावात रामा म्हणून एक गडी होता. (नाव)
‘येतो’ म्हणून गेला तो गेलाच. (असे सांगून)

परीक्षेत घोळ होतो तो पहिल्या दोघांत. त्यावर एक हमखास खूण आहे : ‘म्हणून’च्या आधीचं क्रियापद बघा. ते ‘झाला, आला, आहे, नव्हते’ असं घडलेलं किंवा असलेलं सांगत असेल, तर ते कारण आहे आणि पुढे परिणाम येईल. ते ‘मिळावे, व्हावी, यावेत’ असं ‘वा-वी-वे’चं असेल, तर तो हेतू आहे.

१९७२ च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम ______ म्हणून पाझर तलाव आणि रस्त्यांची कामे काढण्यात आली.
१) मिळाले  २) मिळावे  ३) मिळते  ४) मिळणार

उत्तर ‘मिळावे’. पर्याय बदलून तिथे ‘उरले नव्हते’ ठेवलं तरी वाक्य बरोबरच होईल, फक्त उद्देशाचं वाक्य कारणाचं होईल. काम मिळावं म्हणून कामं काढली, किंवा काम उरलं नव्हतं म्हणून कामं काढली. ‘मिळाले’ घेतलं तर अर्थच कोसळतो : काम मिळालंच होतं, तर कामं काढायची कशाला? अशा वेळी पर्याय वाक्यात ठेवून एकदा मनातल्या मनात मोठ्याने वाचा. कान चूक पकडतो. आपण मराठीत वाढलोय याचा एवढा तरी फायदा घ्यायला हवा.

‘म्हणून’ आणि ‘त्यामुळे’ यांत फरक आहे का? दोन्ही पर्यायांत असतील तर?

घडलेल्या गोष्टीचा परिणाम सांगताना दोन्ही चालतात. उद्देश सांगताना फक्त ‘म्हणून’ चालतं. ‘गुण मिळावेत त्यामुळे अभ्यास करते’ असं कुणी बोलत नाही. त्यामुळे आधी ‘वावे’चं क्रियापद असेल तर ‘त्यामुळे’ बाद. तसं नसेल आणि तरीही दोन्ही पर्याय दिलेले असतील, तर प्रश्न सदोष आहे. उत्तरतालिका आल्यावर आक्षेप नोंदवा. परीक्षेत त्यावर डोकं आपटू नका.

‘मुळे’, ‘साठी’, ‘पायी’, ‘अभावी’ : यांत गुण जातात. नीट सांगाल का?

‘मुळे’ मागे बघतं, ‘साठी’ पुढे बघतं. पावसामुळे पेरण्या झाल्या : पाऊस होऊन गेला. पावसासाठी गावाने धोंडी काढली : पाऊस अजून यायचाय. रिकाम्या जागेत या दोघांतून निवडायचं असेल तर एवढंच विचारा : ती गोष्ट घडली आहे, की घडावी अशी इच्छा आहे?

‘पायी’ हेही कारणच सांगतं, पण त्यात किंमत मोजल्याचा सूर असतो. दारूपायी घर गेलं. हट्टापायी सोन्यासारखं स्थळ गेलं. ‘कोर्टकचेऱ्यांपायी दोन्ही भाऊ ______’ असं वाक्य आलं, तर ‘सधन झाले’ हा पर्याय वाचायचीसुद्धा गरज नाही. ‘कर्जबाजारी झाले’ हेच येणार. चांगल्या परिणामाचं श्रेय द्यायला मराठीत ‘कृपेने, पुण्याईने, आशीर्वादाने’ असे शब्द आहेत. ‘देवाच्या कृपेने अपघात झाला’ असं फक्त टिंगलीत म्हणतात. ‘मुळे’ मात्र तटस्थ, चांगल्या-वाईट दोन्हींना चालतं. म्हणजे ‘पायी’ आणि ‘कृपेने’ हे नुसता दुवा देत नाहीत, परिणाम बरा की वाईट तेही आधीच सांगून टाकतात. असा शब्द दिसला की अर्धा प्रश्न सुटला.

‘अभावी’त नकार पोटातच आहे. पाण्याअभावी पीक करपलं, म्हणजे पाणी नसल्यामुळे करपलं. म्हणून ‘पाणी न मिळाल्याअभावी’ हे चूक, एकच नकार दोनदा झाला. ही चूक सरकारी पत्रांत आणि बातम्यांत सर्रास दिसते, त्यामुळे डोळ्यांना ती चूक वाटेनाशी होते आणि चुका शोधायच्या प्रश्नात नेमकी तीच निसटते.

आणि साधा ‘ने’ विसरू नका. ‘विळ्याने गवत कापले’ मध्ये तो साधन आहे, ‘गारपिटीने द्राक्षबागा आडव्या झाल्या’ मध्ये कारण. ‘ने’च्या जागी ‘मुळे’ ठेवून बघा : गारपिटीमुळे चालतं, विळ्यामुळे गवत कापलं हे विचित्र लागतं.

‘जेवून झोपला’ आणि ‘घाबरून पळाला’ : दोन्हींत ‘ऊन’ आहे. दोन्ही कारणंच का?

पहिल्यात फक्त क्रम आहे, दुसऱ्यात कारण आहे. ‘ऊन’ काढून तिथे ‘म्हणून’ घाला. घाबरला म्हणून पळाला : ठीक. जेवला म्हणून झोपला : हसू येतं. एखादी गोष्ट आधी घडली म्हणून ती पुढच्या गोष्टीचं कारण ठरत नाही. ‘नंतर’, ‘त्यानंतर’, ‘पुढे’ हे शब्दही असेच निव्वळ क्रमाचे असतात. पेपर काढणारे मुद्दाम ‘त्यानंतर’ आणि ‘त्यामुळे’ शेजारी-शेजारी ठेवतात.

‘तरी’, ‘असूनही’, ‘पण’ आलं तर काय करायचं?

तिथे कार्यकारणाची अपेक्षा मोडलेली असते. आधी, हा शब्द नसता तर काय झालं असतं ते ठरवा आणि मग त्याच्या उलट जा.

यंदा पाऊस उशिरा सुरू झाला, तरीही धरणे नेहमीपेक्षा आधीच ______.
१) आटली  २) भरली  ३) गाळाने भरली  ४) रिकामी राहिली

पाऊस उशिरा म्हटल्यावर मन आपसूक ‘रिकामी राहिली’कडे धावतं. ‘तरीही’ने ते थांबवायचं, उत्तर ‘भरली’. तिसरा पर्याय गंमतीचा आहे : ‘भरली’ हा शब्द त्यातही आहे, म्हणून अर्धवट वाचणारा त्यावर खूण करून पुढे जातो. पण गाळ साचायला वर्षं लागतात, त्याचा पाऊस उशिरा येण्याशी या वाक्यात काही संबंध जोडलेला नाही.

याच कुळातला आणि जास्त अवघड शब्द म्हणजे ‘नाहीतर’ (किंवा ‘अन्यथा’, ‘एरवी’). ‘वेळेत फवारणी केली, नाहीतर पीक ______.’ इथे जे घडलंच नाही ते लिहायचं आहे : हातचे गेले असते. पर्यायांत ‘हातचे गेले’ आणि ‘हातचे गेले असते’ दोन्ही असतील. ‘असते’ नसलेला पर्याय घेतलात तर फवारणी करूनही पीक गेलं असं होईल.

दुवा दाखवणारा एकही शब्द नाही, प्रत्यय नाही. मग?

मग विरामचिन्हं बघा, आणि त्याहून जास्त विशेषणं-क्रियाविशेषणं बघा.

आजोबा मोजके आणि तोलून बोलत. गावबैठकीत त्यांच्या शब्दाला ______.
१) फाटे फुटत  २) मान असे  ३) तोटा नसे  ४) धरबंध नसे

मधल्या पूर्णविरामाच्या जागी ‘म्हणून’ घालून वाचा, मग ‘पण’ घालून वाचा. अशा वाक्यात यांतलं एकच बहुधा नीट बसतं. इथे ‘म्हणून’ बसतं, आणि सगळा भार ‘तोलून’ या शब्दावर आहे. जो तोलून बोलतो त्याच्या शब्दाला मान असतो. ‘पण’ घालून पाहिलं तर तिसरा-चौथा पर्याय थेट विसंगत होतात, कारण मोजकं बोलणाऱ्याच्या शब्दांना तोटा नसतो असं म्हणताच येत नाही.

दोन पर्याय बरोबर वाटतात. कुठला निवडायचा?

बहुतेक वेळा दोन्ही योग्य दिशेचे असतात, पण एकाची मात्रा चुकलेली असते. कारण जेवढं, परिणाम तेवढाच. वाक्प्रचारांच्या प्रश्नांत हे सर्वांत जास्त दिसतं.

नातवाने न विचारता चष्मा उचलला, म्हणून आजोबांच्या ______.
१) पायाखालची वाळू सरकली  २) कपाळाला आठ्या पडल्या  ३) तळपायाची आग मस्तकात गेली  ४) आनंदाला उधाण आले

चौथा लगेच जातो. पहिला म्हणजे जबर धक्का, इथे धक्क्याजोगं काही नाही. राहिले दुसरा आणि तिसरा, दोन्ही नाराजीचेच. चष्म्यापायी कुणाची तळपायाची आग मस्तकात जात नाही (काही आजोबांची जातही असेल, पण परीक्षेतल्या नाही). उत्तर आठ्या. हेच वाक्य ‘भागीदाराने वर्षभराची कमाई लांबवली, म्हणून त्यांच्या...’ असं असतं, तर आठ्या हास्यास्पद ठरल्या असत्या.

वाक्प्रचार पाठ करताना अर्थाबरोबर तो कशामुळे ओढवतो हेही लिहून ठेवा. तोंडचं पाणी पळतं ते भीतीने. आकाश ठेंगणं होतं ते यशाने, आनंदाने. कंबर कसतात ती पुढ्यात मोठं काम दिसल्यामुळे, आणि हातपाय गाळतात तेही मोठं काम किंवा संकट दिसल्यामुळेच! या शेवटच्या जोडीकडे लक्ष द्या. कारण एकच, परिणाम दोन. अशा वेळी वाक्यात माणसाचा स्वभाव सांगणारा एखादा शब्द असतो, ‘जिद्दी’ किंवा ‘भित्रा’, आणि तोच निर्णय देतो.

आणखी एक चाळणी म्हणजे लिंग-वचन. रिकाम्या जागेआधी ‘विहिरी’ असेल तर ‘आटली’ कसं येईल? काळजीपूर्वक काढलेल्या पेपरमध्ये असा धागा सुटा राहत नाही, पण राहिला असेल तर सोडायचा कशाला.

वाक्यात दोन रिकाम्या जागा असतील तर कुठून सुरुवात करायची?

ज्या जागेबद्दल वाक्याने जास्त सांगितलंय तिथून. पहिली जागा आधी भरलीच पाहिजे असा नियम नाही.

धरणाचे काम ______ असतानाच पाणी साठवले गेले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि पुण्यातली नदीकाठची वस्ती ______.
१) पूर्ण – वाहून गेली  २) अपुरे – बचावली  ३) अपुरे – उद्ध्वस्त झाली  ४) पूर्ण – बचावली

दुसरी जागा सोपी आहे. धरण फुटलं, मग काय झालं? वस्ती गेली. म्हणजे दुसरा आणि चौथा पर्याय बाद. उरलेल्यांत फक्त ‘पूर्ण’ की ‘अपुरे’ एवढंच ठरवायचं. ‘असतानाच’ मधला ‘च’ सांगतो की जे व्हायला नको होतं ते झालं. उत्तर तिसरं. चारही जोड्या एकेक करून वाक्यात बसवत गेलात तर यापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो.

नकार आला की गडबड होते. उपाय?

कच्च्या कागदावर नकार मोजा. ‘न’, ‘नाही’, ‘नव्हते’, ‘शिवाय’, ‘विना’, ‘अभावी’, शब्दाच्या सुरुवातीचा ‘अ-’ किंवा ‘गैर-’, हे सगळे नकार. दोन नकार एकमेकांना खाऊन टाकतात.

विरोध मावळल्याशिवाय रस्त्याचे काम सुरू होणार नव्हते. कालपासून काम सुरू झाले आहे, याचा अर्थ विरोध ______.

‘शिवाय’ आणि ‘नव्हते’ मिळून अर्थ झाला : विरोध मावळला तरच काम सुरू होणार होतं. काम सुरू झालं, म्हणजे विरोध मावळला. इथे वाट उलटी आहे, परिणामावरून कारणाकडे जायचं. ‘याचा अर्थ’, ‘म्हणजेच’, ‘यावरून’ हे शब्द अशा उलट्या प्रवासाचे असतात, ते नवीन काही घडल्याचं सांगत नाहीत.

मला विषयाची माहिती आहे आणि वाक्य वेगळंच सांगतंय. कोणाचं ऐकू?

वाक्याचं. ‘उन्हाळ्यात विहिरी आटल्याने खासगी टँकरचे भाव ______’ यात वाढले. ‘सरकारी टँकर सुरू झाल्याने खासगी टँकरचे भाव ______’ यात उतरले. उन्हाळा तोच, गाव तेच, कारण बदललं. ज्यांच्या गावात टँकर येतात ती मुलं दुसऱ्या वाक्यातही हमखास ‘वाढले’ लिहितात, कारण त्यांनी भाव उतरलेला कधी पाहिलेलाच नसतो.

‘विधान (अ) आणि कारण (र)’ हा प्रश्नही याच प्रकारातला का?

जवळचा आहे, पण तिथे एक पायरी जास्त. दोन्ही खरी आहेत का हे आधी बघायचं आणि मग ‘र’ हे ‘अ’चं कारण आहे का ते.

अ : माण-खटाव भागात पाऊस कमी पडतो.
र : माण नदी भीमेला मिळते.

दोन्ही खरं, पण ‘अ, कारण र’ असं जोडून वाचलं की लगेच कळतं की याचा त्याच्याशी काही संबंध नाही. ‘र’च्या जागी ‘सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच ढग बरेचसे रिते होतात’ असतं तर जोड जमली असती. दोन्ही विधानं खरी दिसली की भरकन ‘दोन्ही बरोबर आणि र हे अ चं कारण’ हा पर्याय रंगवायचा, ही सवय मोडा. मध्ये ‘कारण’ घालून वाचायला तीन सेकंद पुरतात.

वाक्याचा प्रकार विचारला तर याचा उपयोग होतो का?

होतो. ‘पाऊस आला म्हणून सामना थांबला’ हे संयुक्त वाक्य, कारण परिणामबोधक अव्यय प्रधानत्वसूचक (बरोबरीची वाक्यं जोडणाऱ्या) गटात मोडतं. ‘सामना थांबला कारण पाऊस आला’ हे मिश्र, कारण कारणबोधक अव्यय गौणत्वसूचक (एक वाक्य दुसऱ्यावर अवलंबून ठेवणारं). ‘पावसामुळे सामना थांबला’ हे केवल. घटना एक, वाक्यप्रकार तीन. उद्देशाचं ‘म्हणून’ असेल तर वाक्य मिश्रच, आणि ते ओळखायची खूण वर दिलेलीच आहे : वावे.

आधी पर्याय वाचू की वाक्य?

वाक्य. पर्याय हाताने झाका, वाक्य वाचा, आपल्याला सुचेल तो शब्द मनात ठेवा. तो शब्द भारी असायची गरज नाही, ‘काहीतरी वाईट’ एवढं सुचलं तरी चालेल. मग पर्याय उघडून त्याच्या जवळचा शोधा. पर्याय आधी वाचले की चारही थोडे थोडे पटायला लागतात.

एवढं सगळं करायला वेळ पुरतो का?

पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत ९० मिनिटांत १०० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. २०२३ च्या तलाठी भरतीत १०० प्रश्नांना दोन तास होते, म्हणजे ७२ सेकंद. गणिताला वेळ जास्त लागतो, तेव्हा मराठीचा प्रश्न तीस सेकंदांत आटोपला पाहिजे. सरावात सुरुवातीला दोन-दोन मिनिटं लागली तरी हरकत नाही. दुवा, दिशा, आपला शब्द, मग पर्याय हा क्रम हाताला बसला की वेळ आपोआप उतरतो.

एमपीएससीच्या परीक्षांत चुकीच्या उत्तराला २५ टक्के गुण कापतात, चार चुका म्हणजे एक बरोबर उत्तर गेलं. दिशा पकडून दोन पर्याय बाद झाले असतील तर उरलेल्या दोनांतून निवडण्यात फायदाच आहे. भरतीच्या ज्या परीक्षेत गुण कापत नाहीत, तिथे एकही प्रश्न कोरा सोडू नका. नियम मात्र दर वेळी जाहिरातीतच तपासा.

इंग्रजीच्या पेपरला आणि जीआरईला (परदेशात पदव्युत्तर शिक्षणासाठी द्यायची परीक्षा) हीच पद्धत चालते का?

चालते. ‘बिकॉज’, ‘देअरफोर’, ‘ऑल्दो’ यांची दिशा आपल्या ‘कारण’, ‘म्हणून’, ‘जरी’सारखीच. ‘सिन्स’वर मात्र नजर ठेवा, तो कधी ‘पासून’ असतो तर कधी ‘ज्याअर्थी’. जीआरईमध्ये एक रिकामी जागा असेल तर पाच पर्याय असतात. दोन-तीन जागा असतील तर प्रत्येकीला तीन-तीन पर्याय, आणि सगळ्या बरोबर आल्या तरच गुण. अर्धे गुण नाहीत. चुकीबद्दल कापतही नाहीत. तिथली वाक्यं लांबलचक आणि शब्द अनोळखी असतात, त्यामुळे सोप्या जागेपासून सुरुवात करण्याची सवय तिथे जास्तच कामी येते.

मुलगी लहान आहे, शिष्यवृत्ती परीक्षेला बसवायचीय. तिला हे कसं शिकवू?

व्याकरणाची नावं आत्ता नकोत. गोष्ट सांगताना मध्येच थांबा आणि विचारा, ‘मग काय झालं असेल?’ आणि ‘असं का झालं असेल?’ ती जे सांगेल त्यावर ‘कशावरून?’ म्हणा. कुठल्या शब्दावरून तिने ओळखलं ते तिला बोटाने दाखवायला लावा.

घरी सराव कसा करावा?

वर्तमानपत्रातला अग्रलेख किंवा शेतीचं पान घ्या. ‘त्यामुळे’, ‘म्हणून’, ‘-ल्याने’, ‘तरीही’ दिसलं की पुढचा भाग पट्टीने झाका, स्वतःचा शब्द लिहा, मग पट्टी काढा. शेतीचं पान मी मुद्दाम सुचवतो, तिथे कारणं-परिणाम ओळीओळीला असतात : आवक घटली, भाव चढले, ढगाळ हवामान, करपा, फवारणीचा खर्च. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवताना चुकलेल्या प्रश्नासमोर नुसतं बरोबर उत्तर लिहू नका, चूक कसली होती ते एका शब्दात लिहा : दिशा, मात्रा, नकार, घाई. महिन्याभराने वही चाळलीत की यांतला कुठला शब्द जास्त वेळा आलाय ते दिसेल. पुढचा सराव त्याच प्रकारच्या वाक्यांचा करा.